चौथं पाणी

हरेश्वर घरतांच्या तलवारीला तिसरं पाणी चढलं त्या दिवशी रणभुवनातल्या सव्वा लाख लोकांनी त्यांना मुजरा केला. पेणमध्ये मात्र शेजारच्या कारखान्यातल्या माणसालाही त्याचा पत्ता नव्हता, आणि घरतांना ते तसंच हवं होतं. एकसष्ट वर्षांचा माणूस, गणपतीच्या मूर्तींचे डोळे काढण्यात ज्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही, तो रोज सकाळी पाऊण तास खोटी तलवार फिरवतो हे काय चारचौघांत सांगायचं!

रणभुवन हा खेळ होता. निम्मा महाराष्ट्र तेव्हा तो खेळत असे आणि उरलेला निम्मा त्याला नावं ठेवत असे. तिथली सत्त्वशस्त्रं विकत मिळत नसत. तेरा दिवस खाणीत खणलं की एक कोरं पातं हाती लागे आणि तिथून खरी कटकट सुरू होई. मनगटावर एक पट्टी बांधून ते पातं रोज चालवावं लागे. या पट्टीला पोची म्हणत. बोटं हलण्याआधी मेंदूचे संदेश मनगटातून जातात, ते ही पोची टिपून घेई.

आता त्या संदेशांत एवढं काय असतं? ओट्यावरून वाटी घसरली की आपण विचार करत बसत नाही, हात आपोआप पुढे जातो. पण प्रत्येकाचा हात वेगळा जातो. कुणाचा खालून, कुणाचा वरून, कुणाचा घाबरून भलतीकडेच. मनाला कळण्याआधी हात जे ठरवतो, त्याची प्रत्येकाची ठेवण निराळी असते. शास्त्रज्ञांनी तिला नाव दिलं हस्तसत्त्व. तीनशे दिवसांच्या सरावाने ती ठेवण पात्यात उतरे. मग पोची उलट्या दिशेनेही काम करू लागे. बारीक बारीक ठोके देऊन ती हाताला सुचवे, असा वळ, इथे थांब. तलवारीत जीव आला, असं खेळाडू म्हणत. जीव वगैरे काही नव्हता. तो तुमचाच हात होता, फक्त विसरत नसे.

त्याची निगा मात्र एखाद्या तान्ह्या पोरासारखी ठेवावी लागे. रोजची उजळणी चुकवायची नाही. तीन दिवस खाडा झाला की पात्यावर गंज दिसे आणि पंधराव्या दिवशी सत्त्व गळून जाई. नीट सांभाळलं तर वर्षा-दीड वर्षाने शस्त्र वरच्या पायरीला चढे. लोहार तापलेलं पातं बुडवून कडक करतो त्याला पाणी देणं म्हणतात. खेळणाऱ्यांनी तोच शब्द उचलला होता. पहिलं पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी.

घरतांना या नादाला त्यांच्या लेकीनेच, ओवीने लावलं. विसर्जनानंतर कारखाना थंडावला की म्हातारा उगाच चिडचिड करत फिरे, म्हणून. पहिली तीन वर्षं गमतीत गेली. चौथ्या वर्षी घरतांचा उजवा हात कापायला लागला.

गोळ्यांनी चहाचा कप धरण्याइतपत सुधारणा झाली. पण डोळ्याची आखणी केसाएवढ्या कुंचल्याने होते. त्यात एक थरथर आली तरी देव तिरळा. घरतांनी ही गोष्ट ओवीशिवाय कुणाला कळू दिली नाही. मूर्ती तिच्याकडे सरकवायची आणि आपण चष्म्याला शिव्या द्यायच्या, असं सहा महिने चाललं.

घरतांच्या कारखान्यात एक नियम होता. मूर्तीचा एक डोळा काढला की दुसरा होईपर्यंत उठायचं नाही, हातातलं काही खाली ठेवायचं नाही. एका सकाळी उजळणी संपवून, पोची काढायची विसरून ते तसेच मूर्तीसमोर बसले. पहिल्या डोळ्याची वरची रेघ ओढताना मनगटावर ठोके जाणवले. आता उठणं शक्य नव्हतं. त्यांनी दात आवळून रेघ पुरी केली. ती सहा महिन्यांत आली नव्हती इतकी स्वच्छ आली. दुसरा डोळा काढून झाल्यावर ते मोरीत जाऊन रडले.

त्यानंतरचे दोन हंगाम घरतांनी तलवारीच्या जोरावर काढले. फाल्गुनात मात्र पुण्याहून एक बाई आल्या. डॉ. गौतमी रणपिसे. पोची त्यांच्याच प्रयोगशाळेत तयार झालेली.

"तुमचं शस्त्र रोज सहा-सहा तास चालतंय, आणि समोर शत्रूच नाही," स्टुलावर बसत त्या म्हणाल्या. "हजारो बारीक फटकारे, सगळे जवळपास एकसारखे. मला वाटलं, यंत्रात बिघाड झालाय."

घरतांनी एक मूर्ती पुढे ओढली आणि डोळा काढून दाखवला, मग दुसरा.

"मी हे यासाठी केलं नव्हतं," रणपिसेबाई म्हणाल्या. "पण केलं असतं तर बरं झालं असतं."

"मंग झालं तर. चालू दे आमचं."

"तेच सांगायला आलेय. चालणार नाही. आषाढापासून खेळाची नवी आवृत्ती येतेय. तिसऱ्या पाण्याची शस्त्रं तिच्यात नुसती शोभेची राहतील. ठोके बंद. तुम्हाला चौथं पाणी चढवावं लागेल."

"चढवू. तीन चढवली ना?"

"चौथं एकट्याने चढत नाही, काका. एकाच हाताची ठेवण पुन्हा पुन्हा गिरवली की ती ताठर होते. जास्त कडक केलेलं पातं कसं तडकतं, तसं. तिच्यात दुसरा हात मिसळावा लागतो. चाळीस दिवस दुसऱ्या कुणीतरी तुमची तलवार चालवायची."

"कुणी बी?"

"लढायचं असेल तर कुणीही. पण तुम्हाला डोळे काढायचेत. म्हणजे आखणीचाच हात पाहिजे."

आखणीचे हात पेणमध्ये आणखी सात होते. त्यातल्या कुणाकडे जायचं म्हणजे आपला हात कापतो हे आधी सांगायचं. घरतांनी ते सातही हात मनातल्या मनात खोडून टाकले. राहिली ओवी. तिचंच नाव त्यांनी बाईंना सांगितलं.

निघताना बाई दारात थांबल्या. "एक लक्षात ठेवा. पोची दोन्हीकडून शिकवते. तुमच्या पात्यात पाच वर्षांचा सराव आहे, मुलीचा हात अजून घडतोय. तिने पोची फक्त लढाईच्या वेळी घालायची. ती घालून कुंचला धरला तर पातं तिच्याकडून शिकणार नाही, तीच पात्याकडून शिकेल. आणि मज्जातंतूंनी शिकलेलं पुसता येत नाही. सायकल चालवायला शिकलेला माणूस ती विसरू शकतो का?"

"सांगतो तिला," घरत म्हणाले. खरंच सांगणार होते.

ओवीचे डोळे वेगळे होते. तिच्या मूर्तींची खालची पापणी किंचित वर येई. देवाने नुकतंच काहीतरी गमतीचं ऐकलंय आणि आता हसणार, असं वाटे. घरतांचे डोळे शांत, भव्य. त्यांच्यासमोर माणूस आपोआप हात जोडे. ओवीच्या मूर्तीसमोर पोरंटोरं गप्पा मारायला बसत. गेल्या वर्षी चौदा घरांनी मुद्दाम 'ओवीचे डोळे' मागितले होते. घरतांनी चौदा हा आकडा मोजला होता, हे त्यांनाही आवडलं नव्हतं.

ओवी एका पायावर तयार झाली. "एवढंच ना? मना वाटलं किडनी मागताव!" वैशाखात चाळीस दिवस सुरू झाले. सकाळी ती रणभुवनात बापाची तलवार घेऊन उतरे, राक्षसांच्या टोळ्या कापून काढी आणि घामाघूम होऊन हसत बाहेर येई. घरत रोज ठरवत, आज सांगू. पण कारखान्यात माणसं असत, जेवताना विषय निघत नसे, आणि पोरगी काही पोची घालून कुंचला धरणार नाही, असं ते स्वतःला समजावत.

सहाव्या दिवशी ते रंगाच्या खोलीत आले तेव्हा ओवी पोची घालून मूर्तीसमोर बसली होती. ऑर्डरींचा ढीग पडलेला, पोची काढायला-घालायला कुणाला सवड आहे? शिवाय बाप तसंच करताना तिने दोन वर्षं बघितला होता.

"बाबा, बघा ना. रेघ कशी आपोआप येते!"

घरतांनी वाकून पाहिलं. शांत, भव्य डोळा. त्यांचा स्वतःचा. पोचीशिवाय त्यांच्या बोटांतून जो आता येत नव्हता तो, सव्वीस वर्षांच्या न कापणाऱ्या हाताने काढलेला. आपल्याला आनंद झाला होता, हे नंतर त्यांना स्वतःशी कबूल करावं लागलं. त्याच क्षणी 'काढ ती पोची' असं म्हणायला हवं होतं.

"छान," ते म्हणाले.

पुढचे चौतीस दिवस त्यांना एका जागी बसवेना. ते अंगणात येरझाऱ्या घालत, रंगाच्या खोलीच्या दारापर्यंत जात, ओवीची पाठ बघत आणि परत फिरत. एकदा तोंड उघडलंही. "ओवी, ती पोची..." एवढं म्हटलं आणि ओवीने मान वर केली. "काय हो?" "काय नाय. घट्ट झाली तर सांग." रात्रीचं जेवण त्यांना जाईना. आपण तिचं काही घेत नाही, उलट देतोय, प्रत्येक बाप हेच देतो की, असं ते मनाला सांगत. मन ऐकून घेई आणि पुन्हा तेच विचारे.

आषाढात चौथं पाणी चढलं. रणभुवनात नगारे वाजले. बाप-लेक शेजारी बसून आखणी करू लागले. तालुक्यात एकच बोलणं झालं, बापाचा हात लेकीत उतरला! लोक कौतुकाने ओवीच्या पाठीवर थाप मारत आणि ती लाजे. तिने पोची केव्हाच काढून ठेवली होती. आता तिला लागतच नव्हती.

श्रावणात रणपिसेबाई शस्त्राची तपासणी करायला आल्या. पोची संगणकाला जोडली आणि पडद्याकडे बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"काका, दुसरा हात कुणाचा घेतलात?"

"ओवीचा. सांगितलं होतं ना."

"इथे दुसरा हातच नाही. दोन्ही तुमचेच आहेत." त्यांनी समोरच्या मूर्तींकडे पाहिलं, मग घरतांकडे, आणि त्यांना सगळं उमगलं. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "तिने कुंचला धरला होता. आणि तुम्हाला माहीत होतं."

घरतांनी होकारार्थी मान हलवली.

"पात्याने तिचा हात प्यायचा, त्याआधीच तिचा हात तुमचा झाला होता. मग पात्याने काय प्यायलं? तुम्हालाच. चाळीस दिवस भरले म्हणून खेळाने पाणी चढवलं, पण पातं आणखी ताठर झालंय. दसऱ्यापर्यंत तडकेल, नंतर ठोके मिळणार नाहीत."

"माझं जाऊ दे. तिचं परत येल?"

"तिच्या जुन्या हाताची नोंद कुठे असती तर प्रयत्न केला असता."

"फोटो हायेत."

"फोटोत डोळा दिसतो, काका. हात दिसत नाही. आणि मूर्ती..." त्या थांबल्या. पोचीआधी ओवीने काढलेला प्रत्येक डोळा भाद्रपदात विसर्जनाच्या पाण्यात विरघळला होता. या धंद्यात तसंच असतं.

दुसऱ्या दिवशी वडखळच्या सुमनताई ठाकूर मूर्ती न्यायला आल्या. गेल्या वर्षीच्या चौदा घरांतलं एक घर त्यांचं. त्यांनी मूर्ती निरखली, मागे सरकून निरखली.

"हे घरतभावजींचे डोळे. मना ओवीचे पायजेत. आमचा बारका गेल्या साली बाप्पाशी बोलत बसायचा गो."

"मामी, हे मीच काढलेत!" ओवी हसली.

"तुझे नाय हे. तुझे हसायचे."

ओवीने हट्टाने कोरी मूर्ती ओढली आणि दोन्ही डोळे सुमनताईंसमोर काढले. हात सरसर चालला. काढून झाल्यावर ती स्वतःच मागे झाली. तिने खालची पापणी पुसून पुन्हा काढली. पुन्हा पुसली, पुन्हा काढली. सुमनताई 'ऱ्हाऊ दे गो, हे बी चांगले हायेत' म्हणत होत्या. ओवीला ऐकू येत नव्हतं. तिने फोन काढून गेल्या वर्षीचा फोटो लावला आणि बघत बघत गिरवलं. डोळा फोटोसारखा झाला, पण मेलेला.

"बाबा," ती घाबरून म्हणाली, "मी आधी कसे काढायचे हो? तुम्ही तर शेजारीच बसायचात. दाखवा ना."

ते डोळे घरतांना पाठ होते. पापणी कुठून उचलायची, कुठे सोडून द्यायची, कुंचला कुठे क्षणभर अडखळायचा, सगळं. गेल्या हंगामभर त्यांनी ते चोरून बघितले होते. जगात ते आता फक्त त्यांच्याच डोक्यात होते. त्यांनी कुंचला घेतला. पोचीने ठोके दिले आणि मूर्तीवर एक शांत, भव्य डोळा उमटला.

त्यांनी पोची काढून फेकली आणि पुन्हा कुंचला टेकवला. हात कापायला लागला. रेघ पापणीवरून गालावर उतरली.

"असे नाय, बाबा," ओवी म्हणाली. "माझे. माझे दाखवा."