ठमीने मोरीत ओतलेलं पित्त

बाबांची कावीळ उतरत होती, मग ताप का चढत होता? या एका प्रश्नाने मृण्मयीचं डोकं तीन दिवस पिकलं होतं, आणि उत्तर द्यायला एकाही मोठ्या माणसाला सवड नव्हती.

कोयनेच्या जलाशयावरच्या तरंगत्या रुग्णालयात बाबा चार नंबरच्या खाटेवर होते. त्यांच्या पित्तनलिकेत (यकृतात तयार होणारं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीत) खडा घट्ट बसला होता. पित्त तुंबलं, रक्तात उतरलं आणि बाबा पिवळेजर्द झाले. डॉक्टर मोकाशीबाईंनी बरगड्यांमधून बारीक नळी घालून पित्त बाहेर पिशवीत काढलं. आता ताप उतरला की शस्त्रक्रिया करून खडा काढायचा होता. पण ताप उतरेल तर शपथ.

सकाळी ठमी आली. ठमी म्हणजे तिथली परिचारिका यंत्रमानव. तिने पिशवी मोजली आणि हिरवट पित्त मोरीत ओतून दिलं.

"गेलं ते बरं झालं," आत्या म्हणाली. "मला पित्त उठलं की डोकं नुसतं फुटतं."

आत्याला सगळं माहीत असतं, निदान तिला तसं वाटतं. मृण्मयीने ठमीलाच विचारलं, "पित्त वाईट असतं?"

"नाही. आत्याबाई म्हणतात ते बहुधा जठरातलं आम्ल. हे पित्त वेगळं. हे आतड्यात पोहोचावं लागतं. तेलतूप पचवायला आणि राखणीला."

"कसली राखण?"

ठमीच्या छातीवरच्या पडद्यावर आतडं उमटलं. "इथे अब्जावधी जीवाणू राहतात. आपापल्या जागी असेपर्यंत बहुतेक कामाचेच. पित्तातले क्षार त्यांना माजू देत नाहीत. पित्तासोबत प्रतिपिंडंही (जंतूंना पकडून ठेवणारी प्रथिनं) येतात. शिवाय त्या क्षारांच्या इशाऱ्यामुळे आतड्याच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून राहतात."

"आणि पित्त आलंच नाही तर?"

"जीवाणू वाढतात. पेशींची पकड सुटते. फटींतून जीवाणू आणि त्यांचं विष रक्तात शिरतं, आणि ते रक्त आधी यकृताकडे जातं. तिथे जंतू गिळणाऱ्या पेशी असतात, पण पित्त तुंबल्यामुळे त्याही दमलेल्या असतात. मग ताप येऊ शकतो."

मृण्मयीने मोरीकडे पाहिलं. नळीमुळे कावीळ उतरली होती, पण आतड्यात पित्ताचा थेंब पोहोचत नव्हता.

"तुला हे सगळं माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणी विचारलं नाही."

मृण्मयीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं शहाणं यंत्र रोज पित्त मोजत होतं, रोज ओतत होतं आणि गप्प होतं. आत्या "अगं, थांब" म्हणेपर्यंत ती रिकामी पिशवी घेऊन डॉक्टरांच्या खोलीत पोहोचली होती.

"हे पित्त बाबांना परत का देत नाही तुम्ही?"

मोकाशीबाई थबकल्या. मग खुर्चीत बसल्या. "देता येतं. स्वच्छ जमा करायचं, गाळायचं आणि नाकातून आतड्यापर्यंत नळी घालून सोडायचं. पद्धत जुनीच आहे. तीस खाटांच्या धावपळीत माझ्याकडून राहून गेलं."

"तुमच्याकडून राहून गेलं, आणि माझे बाबा तापाने फणफणलेत."

"रागाव. चूक माझीच आहे. पण तापाचं कारण एवढंच असेल असं नाही. आधी रक्त आणि पित्त दोन्ही तपासू."

रक्तात आतड्यातलेच जंतू सापडले. डॉक्टरांनी त्यांच्यावरचं औषध चालू केलं. पित्त मात्र स्वच्छ निघालं आणि त्याच दुपारपासून ते बाबांच्या आतड्यात जाऊ लागलं. पाचव्या दिवशी ताप उतरला. पुढच्या आठवड्यात खडा निघाला आणि पित्त आपल्या वाटेने वाहू लागलं. नाकातली नळी निघाल्यावर बाबांनी पहिल्यांदा पिठलं मागितलं. आत्या मुकाट्याने करायला गेली.

मृण्मयीचा राग अजून पुरता गेला नव्हता. डॉक्टरांना सांगून तिने ठमीसाठी एक नवा नियम लिहून घेतला होता, आणि ती ठमीवर डोळा ठेवून होती.

निघायच्या दिवशी ठमी नऊ नंबरच्या आजोबांची पित्ताने भरलेली पिशवी घेऊन मोरीपाशी गेली. तिने पिशवी वाकवली, मग सरळ केली आणि मागे वळली.

"डॉक्टर, हे ओतण्याआधी मला काही सांगायचं आहे," ती म्हणाली. "कोणी विचारलेलं नाही."