टेकडीवरचा काटा

“काटा कुठे उभा आहे ते मागाहून बघ. कुठे चाललाय ते आधी.”

वडिलांनी शिडाच्या होडीवर दिलेली ही शिकवण कप्तानबाईंनी जशीच्या तशी म्हणून दाखवली. “त्या सकाळी चाल बघायला काटाच नव्हता हो. हवेचा दाब दाखवणारा जुना बॅरोमीटर बंद. निघता निघता होडीच्या मालकांनी दुसरा आणून लावला. काटा ‘स्वच्छ’वर! पुढे वादळात डोलकाठी मोडली, सोबत आलेल्या माझ्या नणंदेचा हात मोडला. आता मालकच म्हणतात, चूक लिहून दे, नाहीतर परवाना रद्द. देणार नाही. काय करायचं ते करा म्हणावं!”

खासगी तपास करणाऱ्या अक्का हलक्या आवाजात म्हणाल्या, “नकाच देऊ.”

मालकांचा बंगला टेकडीच्या माथ्यावर होता. अक्कांच्या धाकट्या बहिणीचे यजमान, भाऊजी, चढ चढून धापा टाकत होते. दिवाणखान्यात बंदर समितीचे अध्यक्ष आणि मालकांनी बोलावलेला यंत्र दुरुस्त करणारा बसले होते. टेबलावर बॅरोमीटर.

“रेडिओचा आकडा आणि हा, तंतोतंत!” मालक म्हणाले. “यंत्र खरं, मग खोटं कोण?”

“यंत्र होडीचंच?” अक्कांनी विचारलं.

“अर्थात!”

भाऊजी कुजबुजले, “अक्का, चला. इथे आपली डाळ शिजत नाही.”

अक्का कोचामागची भिंत न्याहाळत होत्या. एक रिकामा खिळा, त्याखाली ताटाएवढा उजळ गोल.

त्या यंत्र दुरुस्त करणाऱ्याकडे वळल्या. “काटा जुळवलात कुठे?”

“इथेच, वादळाच्या बऱ्याच आधी. रेडिओ ऐकून मागचा स्क्रू फिरवला.”

“मग सगळे धक्क्यावर चला. यंत्र घेऊन.”

“उतरायचं?” भाऊजी कळवळले. “आत्ताच तर चढलो!”

उतारावर काटा हळूहळू वर सरकू लागला. कप्तानबाई धक्क्यावर वाट बघत होत्या; तिथे पोचेपर्यंत तो रेडिओच्या आकड्याच्या बराच पुढे गेला होता.

“बिघडला!” भाऊजी म्हणाले.

“नाही, भाऊजी. उंचावर हवेचा दाब कमी. रेडिओ सांगतो तो समुद्रसपाटीचा. टेकडीवरच्या घरात तो आकडा दिसावा म्हणून काटा मुद्दाम चढवतात. तेच यंत्र खाली आणलं, की वादळी हवेलाही स्वच्छ म्हणतं. भिंतीवरच्या त्या गोलात हेच टांगलेलं होतं. फेरी रद्द होऊ नये म्हणून मालकांनी घरचं यंत्र होडीवर लावलं, आणि अंगाशी आल्यावर बाईंवर ढकललं.”

“मला दिवाणखान्यासाठीच सांगितलं होतं,” दुरुस्तीवाला म्हणाला.

अध्यक्षांनी मालकांकडे पाहिलं. “परवाना बाईंकडेच राहील. तुमचं काय ते समिती बघेल.”

मालक पडेल आवाजात म्हणाले, “अगं, घाईत झालं. मिटवून टाकू. उद्यापासून ये.”

“मिटवायचं काय? माझं नाव?” कप्तानबाई ताठ उभ्या राहिल्या. “चारचौघांत मला खोटी ठरवलंत, चारचौघांतच खरी म्हणा. आणि यापुढे बॅरोमीटर मी जुळवीन, इथे, पाण्याशी. त्याशिवाय तुमचं शीड माझ्या हातून चढणार नाही.”

मालकांना ते सर्वांसमोर म्हणावंच लागलं.

“आता चहा तरी घ्या,” भाऊजी म्हणाले.

“नको, भाऊ. नणंदेला शब्द दिलाय. एका हाताने वेणी घालता येत नाही तिला.”

पिशवीत कंगवा आहे ना हे चाचपून त्या इस्पितळाच्या वाटेला लागल्या.