मीडियम साइजचं जॅकेट

सिंगापूरच्या टॅम्पिनीस एमआरटी स्टेशनच्या गेटपाशी तो स्कीचं जॅकेट घालून बघत होता. बाहेर बत्तीस डिग्री. येणारे-जाणारे वळून वळून पाहत होते.

अश्लेषानं ते जॅकेट विकायला ऑनलाइन टाकलं होतं आणि हा ते घ्यायला जुरोंग ईस्टहून आला होता. आतापर्यंतचं सगळं बोलणं इंग्रजीत झालं होतं. बाह्या ठीक, खांदे ठीक. मग गळ्यापाशी चेन अडकली.

"च्यायला…" तो पुटपुटला.

अश्लेषाला हसू फुटलं. "ओढू नका अशी. आधी खाली घ्या, मग वर."

तो थांबला. कपाळावर घामाचे थेंब, हनुवटीपर्यंत जॅकेट. "तुम्ही मराठी? मग ते च्यायला ऐकलं नाही असं समजा."

"समजले."

"निशिकांत," तो म्हणाला. "जाहिरातीत तुम्ही जपानमधल्या त्या गावाचं नाव टाकलंय ना, म्हणून घेतोय. आम्ही ऑफिसमधले चौघं तिथंच चाललोय, फेब्रुवारीत. कसं आहे गाव?"

"मी गेले नाही. आणि… जाणारही नाही."

"अच्छा." त्यानं जॅकेट काढून हातावर घेतलं. "हे पुरुषांचं विकलंत. तुमचं?"

"ते घरी आहे."

"विकायचंय?"

हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. पण ती म्हणाली, "बघू."

दोन्ही जॅकेटं एकाच दिवशी घेतलेली होती. विकलेलं रोहनसाठी होतं. साखरपुडा झालेला, लग्न मे महिन्यात पुण्याला, आणि त्याआधी जपानच्या डोंगरातल्या त्या छोट्या गावात बर्फ बघून यायचं असं ठरलं होतं. नोव्हेंबरात रोहननं कॉफीचा कप बाजूला सारून अतिशय सभ्यपणे सांगितलं, की त्याला हे लग्न जमणार नाही. अश्लेषा हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत होती. जहाजाला उशीर होणार आहे हे ग्राहकांना शांतपणे कळवणं हे तिचं काम. त्याच आवाजात तिनं घरीही कळवलं. आई रडली. ती रडली नाही.

जॅकेट विकलं त्याच आठवड्यात तिनं निशिकांतला मेसेज केला : 'रजा मंजूरच आहे, तिकीटही आहे. जाते म्हणते. बहुतेक तुमच्याच तारखा.'

'या,' त्याचं उत्तर आलं. 'जॅकेटवरून ओळखालच.'

गाव खरोखर छोटं होतं. एक चढाचा रस्ता, दोन्ही बाजूंना लाकडी घरं, छपरांवर हातभर बर्फ. गटारांतून गरम झऱ्याचं पाणी वाहायचं, त्यामुळे रस्त्यावर सतत वाफ. निशिकांतचे तिघं मित्र आधी स्की करून आलेले होते, ते वरच्या उतारावर गेले. खाली, लहान मुलांच्या उतारावर, हे दोघं उरले.

शिकवणाऱ्या जपानी बाई कडक होत्या. थांबायचं असेल तर स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, पिझ्झाच्या तुकड्यासारखी. त्या खालून ओरडायच्या, "पिझ्झा! पिझ्झा!" आणि निशिकांत हात पसरून, काहीही जवळ न आणता, सरळ बर्फाच्या ढिगात जाऊन बसायचा.

"तुला ऐकू येत नाही का?" अश्लेषानं विचारलं. अहो-जाहो पहिल्या पडण्यातच संपलं होतं.

"येतं ना. भूक लागते."

ती हसली, आणि हसता हसता स्वतःच आडवी झाली. त्यानं हात दिला. हातमोजे इतके जाड होते, की हात हातात आल्याचं कळलंही नसतं. पण कळलं…

पुढच्या दिवशी दुपारी बाकावर बसून सूप पिताना तिनं त्याला जॅकेटचं सांगितलं. रोहन, नोव्हेंबर, सगळं. त्यानं ऐकून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो आला तो भाड्याच्या नारिंगी सूटमध्ये. पाठीवर दुकानाचा भला मोठा नंबर, बाह्या आखूड.

"हे काय? जॅकेट कुठाय?"

"खोलीवर."

"का पण?"

"तू माझ्याकडे बघतेस ना, तेव्हा आधी जॅकेटकडे बघतेस. मग माझ्याकडे." त्यानं आखूड बाही खाली ओढली. "म्हटलं, जरा सरळ बघ."

तिनं सरळ बघितलं. मग उताराकडे बघितलं, कारण तिकडे बघणं सोपं होतं.

शेवटच्या संध्याकाळी दोघं वाफाळत्या पावांच्या टपरीपाशी उभे होते. बर्फ भुरभुरत होतं.

"मला तू आवडतेस," निशिकांत म्हणाला. "घाई होतेय, माहितेय. पण न सांगता विमानात बसलो असतो तर…"

"थँक्यू," ती म्हणाली. तोच आवाज, जहाजाच्या उशिराचा. "पण आत्ता मला कोणाचंच काही नकोय. आणि वाट बघू नकोस, प्लीज."

"बरं." त्यानं हातातला पाव मोडून अर्धा तिला दिला. "हा घे, गार होईल."

सिंगापूरला परतल्यावर त्याचा एकही मेसेज आला नाही. तिनंच तसं सांगितलं होतं. फेब्रुवारी संपेपर्यंत तिला ते बरं वाटलं, मार्चमध्ये मात्र त्याचा राग येऊ लागला. एकदा एका ग्राहकाशी फोनवर बोलताना तिला स्वतःचा तो शांत आवाज ऐकू आला, आणि तो तिला अजिबात आवडला नाही.

एका शनिवारी ती एमआरटीत बसली. टॅम्पिनीस ते जुरोंग ईस्ट, बेटाच्या एका टोकाकडून जवळजवळ दुसऱ्या. उतरल्यावर त्याला फोन लावला.

तो चपला घालून, ओल्या केसांनी आला. "काय झालं?"

"तू एकही मेसेज का नाही केलास?"

"तूच म्हणालीस, वाट बघू नकोस."

"मग? नाही बघितलीस?"

"बघितली. मेसेज न करता बघितली."

तिनं पर्सचा पट्टा दोनदा बोटाला गुंडाळला. "मला अजून भीती वाटते. रोहनची नाही… पुन्हा सगळं ठरवायची. आणि मला तुझी आठवण येते. दोन्ही खरं आहे." या वेळी आवाज शांत नव्हता. "चालेल असं?"

"चालेल," तो म्हणाला. "पळेलसुद्धा."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आईचा, पुण्याहून, शनिवारचा. अश्लेषानं त्याच्याकडे बघत तो घेतला.

"आई, मी जुरोंग ईस्टला आलेय… नाही, मॉलमध्ये नाही. एकाला भेटायला… हो, मुलगाच… निशिकांत." मग तिनं फोनवर हात ठेवला आणि तिचा चेहरा लाल झाला. "अरे, आडनाव काय तुझं?"

"दाभोळकर."

"दाभोळकर, आई."

गेटमधून माणसं बाहेर पडत होती, दोघांना वळसा घालून जात होती.

"अगं, आडनाव माहीत नाही आणि इतक्या लांब गेलीस?" आई म्हणाली. "बरं. जेवून घ्या दोघं आधी."