लिफ्टवाल्याला आया किती?

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध रुसून बसली, तेव्हा आत छापखान्यातली मुद्रितशोधक बाई एकटीच होती. अर्ध्या तासाने दार किलकिलं झालं आणि वरून एक हसरं तोंड डोकावलं.

"बाहेर येताय, की आधी जेवून घेताय?" मेकॅनिक तिच्या हातातल्या डब्याकडे पाहत म्हणाला.

ती बाहेर आली. आभार म्हणून तिने एक उकडलेला बटाटा पुढे केला. इथवर सगळं रीतसर होतं.

"आई असाच सालीसकट उकडायची," तो पहिल्याच घासाला हळवा झाला. "साल काढणारे उधळे असतात म्हणायची."

मग तो दर बुधवारी लिफ्टला तेल घालायला येऊ लागला. दोघं जिन्यावर बसून जेवू लागली. त्याच्या बोटांवरचं ग्रीस चुकवून ती बटाटा द्यायची... तरी बोटं लागायचीच. एका लिफ्टला इतकं तेल लागतं का, हा संशय तिला होताच. पण संशय हा तिचा पोटापाण्याचा धंदा होता. शिवाय पूर्वी तिचं लग्न ठरलं, तेव्हा नवऱ्या मुलाला आधीची एक बायको निघाली होती. तेव्हापासून ती माणसंही दोनदा वाचायची.

महिन्याभराने तो म्हणाला, "आई बटाट्याची साल इतकी पातळ काढायची, की पलीकडचं दिसायचं."

तिचा घास हातातच राहिला. घरी जाऊन तिने वहीत लाल पेन्सिलीने खूण केली.

तिसऱ्या खेपेला त्याने कहरच केला. "आईने बटाटा कधी घरात आणलाच नाही. जड पडतो म्हणायची." आणि त्याच दमात, हातातल्या पान्याकडे बघत — "माझ्याशी लग्न कराल?"

"आधी सांगा, तुम्हाला आया किती?"

"पाच," तो म्हणाला.

तो पाना पुसू लागला.

"खरी गेली तेव्हा मी चार वर्षांचा. मग एकेक वर्ष काकूकडे, मावशीकडे, आत्याकडे, मामीकडे... परत काकूकडे. जिच्या घरी असेन, तिला आई म्हणायचो. आई म्हटलं की वाढणारा हात जरा सैल पडतो."

"आणि खरी काय करायची?"

"तेवढंच आठवत नाही. म्हणून सगळ्यांचं सांगत बसतो... बोलता बोलता एखादं तिचंही निघेल."

तिचे डोळे भरले. पण धंदा तो धंदा.

"पाठ केल्यासारखं वाटतंय. आत्याचा नंबर द्या."

त्याने मुकाट्याने दिला. तिने तिथेच, जिन्यावर, स्पीकर चालू करून फोन लावला.

"मी... तुमच्या भाच्याच्या ओळखीची."

"काय झालं त्याला? जेवला ना?"

"जेवतोय."

"ऐक गं, तू कोण असशील ती. त्याला दुसऱ्यांदा वाढताना विचारू नकोस. विचारलं की नको म्हणतो. भूक असली तरी. सरळ वाढायचं."

फोन ठेवला गेला. तो कान लाल करून पायऱ्या मोजत होता. तिने डब्यातला शेवटचा बटाटा न विचारता त्याच्या हातावर ठेवला.

"आता उरलेल्या तिघींचे नंबर द्या."

त्याचं तोंड उतरलं. "अजून संशय आहेच?"

"लग्नाला बोलवायचं नाही का त्यांना?"