दुभंगलेला खडक

चंद्रावरचा खडक मधोमध तुटलेला दिसत होता. गाडी वळवली की त्याचा खालचा भाग पुढे सरके आणि वरचा मागेच राही. खडक नक्की कुठे आहे हेच न कळल्यामुळे रेवतीची गाडी पुन्हा त्याच्यावर आदळली.

हा सरावाचा खेळ होता. सन २०५८ मध्ये काही शाळकरी मुलांना पृथ्वीवरून खरी चांद्रगाडी दहा मिनिटं चालवायला मिळणार होती. त्यासाठीची परीक्षा रविवारी, आपापल्या घरच्या संगणकावर द्यायची होती.

रेवतीला काही सुचेना. जुन्या संगणकावर ती हाच रस्ता सहज पार करायची. हा नवा संगणक तिच्या दादाने, सुधन्वाने, दोन महिने खपून तिच्यासाठी जोडला होता. "जुना सेकंदाला साठ चित्रं बनवायचा. हा नव्वद बनवतो," असं त्याने कौतुकाने सांगितलं होतं. मग जास्त चित्रं असून खेळ बिघडला कसा? की आपलाच हात बिघडलाय? दादाला वाईट वाटेल म्हणून ती काही बोलली नाही. तो क्लासला गेला की गुपचूप त्याच पडद्याला जुना संगणक जोडायची.

शुक्रवारी तो लवकर घरी आला.

"नवा का नाही लावलास?"

"त्याच्यावर मी आदळते, दादा."

सुधन्वाने नव्या संगणकावरून हात फिरवला. मग म्हणाला, "पण साठपेक्षा नव्वद जास्त असतात."

तेवढं तिलाही कळत होतं. म्हणूनच तर डोकं चालत नव्हतं.

शेवटी दोघं नवा संगणक आणि पडदा घेऊन वाचनालयातल्या चौकसकडे गेले. चौकस हा तिथला यंत्रमानव. त्याने आपल्या वेगवान डोळ्याने पडद्याचं चित्रण केलं आणि अगदी सावकाश दाखवलं. चित्र एकदम बदलत नव्हतं. पडदा वरून खाली, ओळीओळीने रंगत होता.

"हा पडदा असा सेकंदाला साठ वेळा रंगतो," चौकस म्हणाला. "हा त्याचा रिफ्रेश रेट (पडदा एका सेकंदात किती वेळा नव्याने रंगतो, तो आकडा). तुमच्या संगणकाचा फ्रेम रेट (संगणक एका सेकंदात किती चित्रं बनवतो, तो आकडा) नव्वद आहे."

"मग दर दोन रंगवण्यांमागे तीन चित्रं," सुधन्वा म्हणाला. "त्याने काय होतं?"

"करून बघू. रेवती पडदा, तू संगणक."

चौकसने कागदांवर खडक काढले, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा उजवीकडे. तो टेबलावर ठोका देई, तेव्हा रेवतीने समोरचं चित्र फळ्यावर वरून खाली उतरवायला घ्यायचं. सुधन्वाने दोन ठोक्यांत तीन कागद बदलायचे, तिच्याकडे न बघता.

तीन-चार ठोक्यांनंतर रेवती थबकली. फळ्यावरच्या खडकाचं डोकं डावीकडे होतं आणि पाय उजवीकडे.

"मी हे काय काढलं?"

सुधन्वा फळ्याजवळ गेला. "तू अर्ध्यावर होतीस आणि मी कागद बदलला," तो हळूच म्हणाला. "वरचं जुनं, खालचं नवं. तुझा हात बरोबर होता, रेवती."

"आणि जुना संगणक?"

"तोही साठच चित्रं बनवायचा, पडद्याच्या ठोक्याला एक," चौकस म्हणाला.

चौकसने खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन 'पडद्यासाठी थांबा' ही खूण केली. आता पडदा एकदा पूर्ण रंगल्यावरच संगणक पुढचं चित्र देणार होता. खडक अखंड दिसू लागला. पण सुधन्वाचा चेहरा उतरलेलाच होता.

"म्हणजे तीस चित्रं फुकट गेली."

"ती आता बनतच नाहीत," चौकस म्हणाला. "चित्रं सगळी स्थिर असतात, त्यांची हालचाल डोळा जुळवतो. सारख्या अंतराने आलेली साठ चित्रं त्याला पुरतात. नव्वदही दाखवायची असतील, तर नव्वद वेळा रंगणारा पडदा आणा. हालचाल आणखी सलग दिसेल."

रविवारी रेवती नव्या संगणकावरच परीक्षेला बसली. जिल्ह्यातून पाच मुलं निवडायची होती. ती चौथी आली.

जानेवारीत ती खरी चांद्रगाडी चालवायच्या केंद्रात बसली. शेजारी सुधन्वा होता. समोर चंद्राची करडी जमीन होती. तिने दांडा डावीकडे वळवला. काहीच झालं नाही. तिने दादाकडे पाहिलं. पडद्याचा आणि संगणकाचा, दोन्ही आकडे जुळलेले होते, एकशे वीस आणि एकशे वीस. मग जवळजवळ अडीच सेकंदांनी गाडी सावकाश वळली.

"दादा, आता काय बिघडलं?"

"बिघडलं नसेल. इशारा चंद्रापर्यंत जाऊन परत यायलाच वेळ लागत असेल," सुधन्वा म्हणाला आणि खिशातून पेन काढून तळहातावर चंद्राचं अंतर लिहू लागला. "तू फक्त हळू चालव. मी बघतो."