नऊ तास आधी

दोन शहरांमधलं अंतर मैलांत मोजायचं नसतं, ते माणसाच्या धीरात मोजायचं असतं. हा थोर विचार मला सुचला तेव्हा मी ओट्यावर उतू गेलेलं दूध पुसत होतो आणि माझा धीर केव्हाच संपला होता.

बायको परत येत होती. सहा महिने ती मुलीकडे होती, सातासमुद्रापार. जाताना म्हणाली होती, "मी परत येईनच असं धरून चालू नका." त्यावर मी तिला परतीच्या विमानाला किती वेळ लागतो ते सांगितलं होतं. जन्मभर विमान कंपनीत वेळापत्रकं बनवली की माणूस असाच बोलतो.

सकाळी तिचा फोन आला. "बसले. दार लावलंय. आता बंद करते."

नऊ तासांचं उड्डाण. त्यातला थोडा वेळ खोटा असतो. विमान रखडलं तरी वेळेवर पोचल्यासारखं दिसावं म्हणून आम्हीच तो आत घालून ठेवायचो. मी फडकं पिळलं, तेवढ्यात बेल वाजली.

दारात बायको. हातात तीच निळी बॅग.

"तू विमानात आहेस," मी म्हणालो.

"सरका. पाय दुखतायत."

"अगं, नऊ तास लागतात."

"तुम्हाला लागतात."

माझ्या वेळापत्रकाचा असा अपमान साहेबांनीही केला नव्हता. वारा पाठीशी असला तरी फार तर अर्धा तास वाचतो, हे मी तिला दोनदा समजावलं. कानाला दडे बसलेत म्हणून तिने दोन्ही वेळा ऐकलं नाही. बॅग घेताना तिची बोटं लागली. विमानाच्या खिडकीची काच लागावी तशी गार.

तिने चहा टाकला. साखरेचा डबा मुंग्यांमुळे मी फ्रिजवर, औषधांच्या खोक्यामागे हलवला होता. कोणाला सांगितलं नव्हतं. तिचा हात थेट तिथेच गेला.

'तू कोण?' अगदी ओठांवर आलं होतं. पण सहा महिन्यांनी आलेल्या माणसाला असं विचारलं आणि ते उठून गेलं, तर?

मुलीने माझ्या फोनवर विमान दिसायची सोय करून दिली होती. निळ्या पडद्यावर ते मुंगीच्या गतीने सरकत होतं. बायको माझ्या खांद्यावरून वाकली.

"अजून समुद्रावरच आहे बिचारी," ती म्हणाली.

मग दिवसभर तिने घर झाडलं, माझ्या करपलेल्या पातेल्यांचा उद्धार केला. तिच्या कपातला चहा मात्र तसाच राहिला.

संध्याकाळी फोन वाजला. पडद्यावर बायकोचं नाव. मी बायकोकडे पाहिलं. ती भाजी चिरत होती.

"उतरले," फोनमधून बायको म्हणाली. मग जरा थांबून, "याल ना घ्यायला? का टॅक्सी करू?"

"येतो," मी म्हणालो.

ओट्यावरची सुरी थांबली.

"जा लवकर. ताटकळत ठेवलेलं तिला आवडत नाही."

मला गाडीची किल्ली सापडेना. पाठमोरी असतानाच तिने ती माझ्यापुढे धरली.

मी चपला घातल्या. दार उघडलं.

"आणि अहो," आतून आवाज आला, "येताना दूध जास्त घ्या. आता तिघांना लागेल."