मढ्याची वाट

थर्झानं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो कमरेपासून वरचाच शिल्लक होता. खाली दलदल, डोक्यावर कोरी टोपी, हातात बंदूक... आणि ऐट मात्र अख्खा डोंगर आपला असल्याची.

"बाई, ही वाट बंद आहे. कारभारीसाहेबांचा हुकूम आहे."

"बरं. मग तू तिथून निघणार कसा?"

यॉर्कशायरच्या त्या माळावरची दलदल साधीसुधी नव्हती. तिनं एकदा एक वसुलीदार घोड्यासकट गिळला आणि उन्हाळ्यात नुसती टोपी परत केली, तीही झटकून. पण गावच्या चुलींत सरपण म्हणून जळणारी काळी माती, पीट, तिथूनच यायची. यंदा जमीनदाराला शिकारीसाठी माळ मोकळा हवा होता, म्हणून कारभाऱ्यानं ऐन थंडीत खालच्या फाटकाला कुलूप ठोकलं. थर्झा रिकामी घसरगाडी भिंतीवरून ओढून वर आली होती. मातीनं भरल्यावर ती खाली कशी न्यायची, ते मात्र तिला अजून सुचलं नव्हतं.

"बंदूक रिकामी कर आणि दस्ता इकडे दे," ती म्हणाली. "हिरवंगार दिसतं तिथे पाय ठेवतात का कधी? झुडपांवरून चालायचं."

तिनं ओढलं तसा तो बाहेर निघाला. त्याचा एक बूट आतच राहिला.

"माझा बूट —"

"वसुलीदाराला झाला असेल."

तो हसला. चिखलातून ते हसू असं काही उजळलं की थर्झाला उगाच दुसरीकडे बघावं लागलं. त्याचं नाव सेथ. राखणदाराची नोकरी नवी, पाय मुरगळलेला. तिनं त्याला गाडीवर आडवा केला, अंगावर आपली शाल टाकली... आणि थबकली. ज्या वाटेनं मढं गेलं ती वाट कायमची सगळ्यांची, असं त्या भागात लहान पोरसुद्धा सांगायचं.

"सेथ, तू मेलास तर बरं होईल."

"इतक्यात? आत्ता तर ओळख झाली."

तिनं बेत सांगितला. "गप्प पडलास तर वाट आमची. बोललास तर नोकरी तुझी. ठरव."

तो बराच वेळ तिच्या गारठलेल्या, लाल नाकाकडे बघत राहिला. मग त्यानं शाल स्वतःच तोंडावर ओढली.

खालच्या चर्चमधली प्रार्थना नुकतीच सुटली होती. अख्खं गाव फाटकापाशी उभं, मध्ये किल्ली घेतलेला कारभारी.

"कोण आहे ते?"

"तुमचाच माणूस. दलदलीत गेला," थर्झा म्हणाली. खोटं त्यात काहीच नव्हतं.

कारभाऱ्याचा चेहरा उतरला. त्यानं टोपी काढली आणि स्वतःच्या हातानं कुलूप उघडलं. गाडी फाटकातून पार झाली... आणि मढं शिंकलं.

"हा तर जिवंत आहे!"

"पण मढं म्हणून टोपी तुम्ही काढलीत, साहेब. फाटकही तुम्हीच उघडलंत. सगळ्यांनी पाहिलंय."

गाव हसत हसत वाटेवर दाटीनं उभं राहिलं. कारभाऱ्याला फाटक पुन्हा लावायला जागाच उरली नाही.

"सेथ, तुझी नोकरी गेली!"

"मेलेल्याला कसली नोकरी, साहेब?" सेथ उठून बसला. मग हळूच, "थर्झा... आता मी जाऊ कुठे?"

"वर. अजून दोन खेपा आहेत." तिनं त्याच्याभोवतीची माती उतरवून गाडी वळवली. "आणि उतर आधी. चढावर मी मढी ओढत नाही."

तो एका बुटावर लंगडत उतरला आणि गाडीच्या दोरीचं दुसरं टोक त्यानं धरलं. तिच्या हाताच्या जरा जास्तच जवळ.

ती म्हणाली, "तिथे नाही, पुढे धर." पण हात काही तिनं हलवला नाही.